डब्ल्यूबीसी स्कॅन पायरीपायरीने: पेशी न दुखावता चिन्हांकन आणि दुसऱ्या दिवशीची प्रतिमा

सांधा बदलल्यावर वर्षभराने गुडघा दुखतो आहे. आत जंतुसंसर्ग आहे की नुसता सैलपणा, हे ठरवण्यासाठी टेक्नेशियम-९९एम (किरणोत्सर्गी मूलद्रव्य) आणि त्याला पेशीत नेणारे एचएमपीएओ यांनी चिन्हांकित केलेल्या पांढऱ्या पेशींचा (डब्ल्यूबीसी) स्कॅन मागवला जातो. या तपासणीत प्रोब (संसर्ग शोधणारा घटक) बाटलीतून मिळत नाही. रुग्णाची स्वतःची न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारी पांढरी) पेशी हाच प्रोब असतो. ती शिरेतून परत गेल्यावर रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटली पाहिजे, भिंत ओलांडून बाहेर आली पाहिजे आणि जंतू आहेत तिथपर्यंत स्वतः सरकत गेली पाहिजे. बाहेर काढलेल्या तीन तासांत ती चिडली किंवा दुखावली तर कॅमेरा कितीही चांगला असो, प्रतिमा खोटीच येते.

चुका ठरलेल्या जागी होतात: सेंट्रिफ्यूजचा वेग, एचएमपीएओ कालवण्याची वेळ, आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रतिमेचा कालावधी. या तीन जागांवर पुढे जास्त थांबलो आहोत. हा लेख न्यूक्लियर मेडिसिन विभागातले टेक्नॉलॉजिस्ट, रेडिओफार्मसीत काम करणारे आणि निवासी डॉक्टर यांच्यासाठी आहे. आपल्या विभागाची मंजूर कार्यपद्धती आणि किटसोबतचे माहितीपत्रक यांत वेगळे आकडे असतील तर तेच पाळा.

## १. विनंतीपत्र हातात आल्यावर

आधी प्रश्न नीट वाचा. मणक्यातल्या संसर्गासाठी हा स्कॅन मागवला असेल तर तिथेच थांबून मागवणाऱ्या डॉक्टरांशी बोला. मणक्यात संसर्ग असूनही ती जागा अनेकदा आजूबाजूच्या अस्थिमज्जेपेक्षा फिकी दिसते, आणि फिकेपणाची कारणे इतकी आहेत की त्यावरून काहीच ठरत नाही. तिथे एमआरआय किंवा एफडीजी पेट-सीटी योग्य. क्षयरोगाचेही तसेच आहे. त्या जखमेत लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज भरलेले असतात, न्यूट्रोफिल थोडे. आपण पाठवतो ते मुख्यतः न्यूट्रोफिल, त्यामुळे स्कॅन कोरा येतो आणि क्षय नाही असा चुकीचा दिलासा मिळतो. आपल्याकडे क्षयाचे प्रमाण पाहता ही गोष्ट विनंतीपत्र घेतानाच विचारायला हवी.

मग पुढील माहिती लिहून घ्या:

- पांढऱ्या पेशींची ताजी संख्या. ती दर मायक्रोलिटरला २,००० पेक्षा कमी असेल तर पुरेशा पेशी हाती लागत नाहीत. एकूण किमान २० कोटी पेशी मिळाव्यात अशा बेताने रक्ताचे प्रमाण ठरते.
- शस्त्रक्रियेची तारीख, जखम कुठे आहे, नळी किंवा स्टोमा (पोटावर केलेले छिद्र) आहे का.
- अँटिबायोटिक कोणते, किती दिवस. ते चालू आहे म्हणून तपासणी आपोआप रद्द होत नाही. ते थांबवायचे की नाही हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. आपले काम नोंद करणे.
- स्टेरॉइड चालू आहेत का. न्यूट्रोफिलची हालचाल त्याने मंदावते.
- गेल्या दोन दिवसांत टेक्नेशियमचा दुसरा स्कॅन, विशेषतः बोन स्कॅन झाला आहे का. झाला असेल तर ४८ तास जाऊ द्या.
- गर्भधारणा आणि स्तनपान.
- सिकलसेल आजार.

शेवटचा प्रश्न विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या रुग्णांना न चुकता विचारा. सिकलसेलमध्ये हाडाचा संसर्ग आणि हाडाचा रक्तपुरवठा तुटणे यांत फरक करायला हाच स्कॅन मागवतात, आणि नेमक्या त्याच रुग्णाच्या लाल पेशी नीट खाली बसत नाहीत. हे आधी माहीत असले तर रक्त बसवण्याच्या वेळी धावपळ होत नाही.

## २. आदल्या दिवशीची तयारी

जनरेटर, म्हणजे ज्यातून टेक्नेशियम मिळते ते उपकरण. किटच्या एका व्हायलमध्ये (छोट्या बाटलीत) एक्झामेटाझाइम, म्हणजे एचएमपीएओच, ०.५ मिलिग्रॅम आणि स्टॅनस क्लोराइड (कथिलाचा क्षार) जेमतेम ७.६ मायक्रोग्रॅम असते. टेक्नेशियमला क्षपित करण्याचे सगळे काम या एवढ्याशा कथिलाला करायचे असते. जनरेटर शनिवार-रविवार तसाच पडून राहिला तर सोमवारच्या पहिल्या इल्यूशनमध्ये (जनरेटर सलाइनने धुऊन टेक्नेशियम काढताना) ९९एमपासून बनलेले टेक्नेशियम-९९ खूप साचलेले असते. रासायनिकदृष्ट्या ते ९९एमसारखेच असल्याने कथिल त्यातच संपून जाते. म्हणून दोन नियम: जनरेटर त्याआधीच्या २४ तासांत एकदा इल्यूट झालेला असावा, आणि वापरायचे इल्यूएट (असे काढलेले द्रावण) २ तासांपेक्षा जुने नसावे. सोमवारी डब्ल्यूबीसी स्कॅन ठेवू नये. ठेवावाच लागला तर रविवारी कोणी तरी येऊन इल्यूशन काढायची सोय करा.

सेंट्रिफ्यूज. सर्वांत जास्त नुकसान इथे होते. कार्यपद्धतीत वेग ‘जी’मध्ये (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) दिलेला असतो, यंत्रावर आकडा आरपीएमचा (मिनिटाला फेरे). दुसऱ्या विभागाचा आरपीएम तसाच उतरवून घेतला की गणित बिघडते, कारण त्यांचा रोटर वेगळा असतो. सूत्र असे:

जी = ०.००००१११८ × त्रिज्या × आरपीएम × आरपीएम

त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, रोटरच्या मध्यापासून फिरताना आडव्या झालेल्या नळीच्या तळापर्यंत मोजायची. पुढे दोनच वेग लागतील: पांढऱ्या पेशींसाठी १५० जी आणि प्लाझ्मासाठी २,००० जी. त्रिज्या १६ सेंमी असेल तर १५० जी म्हणजे सुमारे ९१५ आरपीएम आणि २,००० जी म्हणजे सुमारे ३,३४५ आरपीएम. त्रिज्या १० सेंमी असेल तर १५० जी साठी सुमारे १,१६० आरपीएम लागतील. आता समजा १६ सेंमीच्या रोटरवर कोणी सवयीने १,५०० लावले. पेशींवर सुमारे ४०० जी पडतात. प्लेटलेट पांढऱ्या पेशींबरोबर खाली येतात, गोळा घट्ट बसतो, आणि तो सोडवताना गुठळ्या होतात. दोन्ही आकडे काढून यंत्राच्या झाकणावर चिकटवून ठेवा. नळ्या लटकून आडव्या होणारा रोटर वापरा. थांबताना ब्रेक बंद असावा, नाहीतर मऊ थर शेवटच्या सेकंदांत विस्कटतो.

जागा आणि लेबले. काम क्लास-२ जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये, निर्जंतुक साहित्याने. हे रक्त परत माणसाच्या शिरेत जाणार आहे. एका कॅबिनेटमध्ये एका वेळी एकच रुग्ण. दुसऱ्याचे रक्त शेल्फवर ‘नुसते ठेवलेले’सुद्धा चालणार नाही. सिरिंज, नळ्या, व्हायल यांची लेबले रक्त काढण्याआधीच छापून घ्या: पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, जन्मतारीख.

> थांबा. दोन रुग्णांच्या पेशींची अदलाबदल ही या तपासणीतली सर्वांत भयंकर चूक आहे. एकाच्या रक्तातला एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस दुसऱ्याला जाऊ शकतो. दोन रुग्णांच्या तपासण्या एकाच दिवशी उरकण्याची घाई करू नका.

## ३. रक्त काढणे

६० मिलीच्या सिरिंजमध्ये आधी ९ मिली एसीडी (रक्त गोठू न देणारे द्रावण) घ्या. मग १९ किंवा २० गेजच्या बटरफ्लायने, ठळक शिरेतून, ५१ मिली रक्त सावकाश ओढा. बारीक सुईतून जोराने ओढलेल्या रक्तात पेशी घासल्या जातात आणि लाल पेशी फुटतात. ओढताना मध्येच फेस आला, रक्त अडखळले, तर दुसरी शीर पाहा. सिरिंज उलटी-सुलटी करून आठ-दहा वेळा हळुवार मिसळा, हलवू नका.

हेपारिन वापरू नका. त्याने न्यूट्रोफिल नळीला आणि एकमेकांना चिकटतात.

यातले १५ मिली बाजूला काढून २,००० जी वर १० मिनिटे फिरवा. वर आलेले स्वच्छ, पिवळसर द्रव म्हणजे पेशीविरहित प्लाझ्मा. पेशी धुवायला आणि शेवटी परत देण्यासाठी तो लागणार आहे, म्हणून हे काम पुढच्या पायरीच्या समांतर उरकून घ्या. ऐनवेळी प्लाझ्मा नाही म्हणून पेशी सलाइनमध्ये ताटकळत राहणे टाळता येते.

> तपासा. प्लाझ्मा लालसर असेल तर लाल पेशी फुटल्या आहेत. रक्त काढतानाच काही बिनसले आहे. पुढे जाण्यापेक्षा नव्याने रक्त काढलेले बरे.

## ४. लाल पेशी खाली बसवणे

उरलेल्या सुमारे ४५ मिली रक्तात ६ टक्के हेटास्टार्च (लाल पेशी लवकर खाली बसवणारे द्रावण) मिसळा, साधारण पाच भाग रक्ताला एक भाग. सिरिंज टोक वर करून स्टँडला लावा. ती उभी ठेवण्याऐवजी १० ते २० अंश कलती ठेवली तर लाल पेशी लवकर बसतात.

किती वेळ ठेवायचे? ३० ते ६० मिनिटे, पण घड्याळापेक्षा थराकडे बघा. वरचा अर्धा भाग ढगाळ पिवळा झाला आणि लाल थराची कड स्पष्ट दिसू लागली की झाले. अंगात संसर्ग असलेल्या रुग्णाचे रक्त बहुधा २५-३० मिनिटांतच बसते, कारण ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) वाढलेला असतो. अशा वेळी ‘कागदावर ४५ मिनिटे लिहिलंय’ म्हणून थांबलात तर पांढऱ्या पेशीही खाली जाऊ लागतात आणि तुमच्या हाती थोड्याच येतात.

सिकलसेलच्या रुग्णात तासभरानेही कड धूसर राहते. तिथे वाट पाहत बसू नका. जितका वरचा थर मिळेल तितकाच घ्या, पेशी मोजा, आणि लाल पेशींची भेसळ राहिली हे नोंदवहीत लिहा. एचएमपीएओ लाल पेशींतही शिरते, त्यामुळे अशा स्कॅनमध्ये हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या जास्त उजळ दिसतील. प्रतिमा वाचणाऱ्याला हे आधी कळले पाहिजे.

खोलीचे तापमान २० ते २५ अंश ठेवा. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत हे काम करू नये.

## ५. पांढऱ्या पेशी वेगळ्या करणे

१. लाल थराच्या वर साधारण अर्धा सेंटिमीटर सोडून वरचे ढगाळ द्रव बोथट, रुंद नळीने वेगळे घ्या. शेवटचे दोन मिली मिळवण्याच्या मोहात लाल पेशी ओढल्या जातात, ते सोडून द्या.

२. १५० जी वर ५ मिनिटे फिरवा.

३. वरचे द्रव, म्हणजे प्लेटलेट असलेला प्लाझ्मा, ओतून घ्या. तळाशी पातळ, फिकट गुलाबी थर उरेल. हाच पेशींचा गोळा.

४. नळीच्या तळाला बोटाच्या टोकाने टिचक्या मारून गोळा सैल करा, मग १ मिली निर्जंतुक सलाइन किंवा कार्यपद्धतीत सांगितलेले द्रव घालून नळी हातात गोल फिरवा.

व्होर्टेक्स (नळी जोरात घुसळणारे यंत्र) वापरू नका. सुईतून वर-खाली ओढू नका. या दोन्हीने न्यूट्रोफिल जागे होतात, त्यांच्या पृष्ठभागावरची चिकटण्याची प्रथिने बदलतात, आणि असे जागे झालेले न्यूट्रोफिल शरीरात गेल्यावर फुफ्फुसातल्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात. त्याचा पुरावा दुपारी कॅमेऱ्यावर मिळतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

गोळ्यात प्लाझ्मा फार राहिला तरी अडचण येते. एचएमपीएओ प्लाझ्मातल्या प्रथिनांना धरते आणि पेशीत कमी शिरते. उलट प्लाझ्माविना पेशी फार वेळ राहिल्या तर थकतात. म्हणून सलाइनमधला काळ चिन्हांकनापुरताच.

> तपासा. गोळा गडद लाल दिसतो आहे का? मग लाल पेशी जास्त आल्या आहेत. नळी उजेडात तिरकी धरून दोरे किंवा कण दिसतात का बघा. दिसले आणि हलक्या हाताने फिरवूनही सुटले नाहीत, तर या पेशी रुग्णाला द्यायच्या नाहीत.

## ६. एचएमपीएओ कालवणे

हे आता करायचे, गोळा तयार झाल्यावर. रक्त बसायला ठेवलेय आणि हात मोकळे आहेत म्हणून किट आधीच कालवून ठेवण्याची सवय सगळीकडे आढळते आणि चिन्हांकन कमी येण्याचे ते पहिले कारण आहे. पेशीच्या आवरणातून आत शिरते ते टेक्नेशियम आणि एचएमपीएओचे मेदस्नेही (चरबीत विरघळणारे) संकुल. कालवल्या क्षणापासून ते हळूहळू दुय्यम, पाण्यात विरघळणाऱ्या संकुलात बदलू लागते, आणि ते पेशीत शिरत नाही. कालवल्यापासून २० ते ३० मिनिटांत ते पेशींवर पडलेच पाहिजे. मेथिलीन ब्लू घालून स्थिर केलेली तयारी मेंदूच्या स्कॅनसाठी असते, ती इथे वापरू नका.

माहितीपत्रकाप्रमाणे कालवा. इल्यूएट आणि सलाइन परिरक्षकविरहित असावे. पेशींसाठी ७५० ते १,००० मेगाबेकेरेल (किरणोत्सर्गाचे एकक) लागतील.

औषधाची शुद्धता पाहण्यासाठी लगेच तीन पट्ट्यांवर थेंब ठेवा:

- सिलिका जेलची पट्टी, ब्युटेनोनमध्ये. मेदस्नेही संकुल आणि मुक्त परटेक्नेटेट (क्षपित न झालेले, एचएमपीएओला न जोडलेले टेक्नेशियम) वर जातात. दुय्यम संकुल आणि जलापघटित टेक्नेशियम (क्षपित होऊनही एचएमपीएओला न जोडलेले) खाली राहतात.
- सिलिका जेलची पट्टी, सलाइनमध्ये. फक्त मुक्त परटेक्नेटेट वर जाते.
- व्हॉटमन कागद, ५० टक्के ॲसिटोनायट्राइलमध्ये. फक्त जलापघटित टेक्नेशियम खाली राहते.

मेदस्नेही संकुलाचे प्रमाण काढायला पहिल्या पट्टीवर खाली राहिलेले आणि दुसऱ्या पट्टीवर वर गेलेले टक्के शंभरातून वजा करा. पहिल्यावर ९ टक्के खाली आणि दुसऱ्यावर ४ टक्के वर असतील तर १०० − १३ = ८७. किमान ८० हवे. तिसरी पट्टी बिघाड कुठे झाला ते सांगते. मुक्त परटेक्नेटेट जास्त असेल तर इल्यूएट जुने किंवा व्हायलमध्ये हवा गेली. दुय्यम संकुल जास्त असेल तर वेळ दवडला.

पट्ट्या चढायला वेळ लागतो. निकालाची वाट पाहत पेशी ताटकळत ठेवू नका. पुढची पायरी सुरू करा, पण पट्ट्यांचा निकाल हाती आल्याशिवाय पेशी रुग्णाला देऊ नका.

## ७. चिन्हांकन

१. कालवलेले एचएमपीएओ पेशींवर नळीच्या कडेने, थेंबाथेंबाने सोडा.

२. खोलीच्या तापमानाला १० मिनिटे ठेवा. दर दोन-तीन मिनिटांनी नळी हलकेच गोल फिरवा, नाहीतर पेशी तळाला बसतात आणि वरच्यांनाच औषध मिळते.

३. ५ ते १० मिली पेशीविरहित प्लाझ्मा घाला. उरलेले मुक्त औषध तो धरून ठेवतो.

४. पुन्हा १५० जी वर ५ मिनिटे. वरचे द्रव दुसऱ्या, लेबल लावलेल्या नळीत काढा. फेकू नका.

५. पेशी ३ ते ५ मिली पेशीविरहित प्लाझ्मात अलगद मोकळ्या करा.

वेळ १० वरून २० मिनिटे केल्याने चिन्हांकन फारसे वाढत नाही, पेशींना मात्र त्रास होतो.

## ८. पेशी देण्याआधीच्या तपासण्या

चिन्हांकनाचे प्रमाण. पेशी आणि वरचे द्रव दोन्ही डोस कॅलिब्रेटरमध्ये लागोपाठ मोजा. पेशींत ५२० आणि द्रवात ३१० मेगाबेकेरेल असतील तर ५२० ÷ ८३० म्हणजे सुमारे ६३ टक्के. ४० ते ८० टक्के हा अपेक्षित पट्टा. त्याखाली आले तर कारण याच क्रमाने शोधा: औषधाची शुद्धता, कालवल्यापासूनचा वेळ, पेशींची संख्या, गोळ्यात राहिलेला प्लाझ्मा. ८० च्या बरेच वर गेले तरी खूश होऊ नका. लाल पेशी आणि प्लेटलेटही औषध घेतात, आणि त्यांच्यामुळे आकडा फुगतो.

पेशी जिवंत आहेत का. थोड्याशा थेंबात ट्रायपॅन ब्लू मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. जिवंत पेशी रंग बाहेर ठेवते आणि चमकदार, गोल दिसते. मेलेली पेशी निळी पडते. निळ्या पेशी ४ टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर देऊ नका. एक लक्षात असू द्या: ही चाचणी मेलेली पेशी ओळखते, चिडलेली नाही. म्हणून आधीच्या पायऱ्यांतल्या हळुवारपणाला पर्याय नाही.

डोळ्यांनी. गुठळी नाही, दोरे नाहीत, फेस नाही.

## ९. पेशी परत देणे

चिन्हांकन संपल्यापासून तासाभरात, जितक्या लवकर जमेल तितके चांगले. मात्रा प्रौढांसाठी ३७० ते ७४० मेगाबेकेरेल.

रुग्णाला ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारू नका. घाबरलेला, कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा’ असे विचारा, आणि ते उत्तर सिरिंजवरच्या लेबलशी व हातावरच्या पट्टीशी दुसऱ्या व्यक्तीसमक्ष ताडून पाहा. दोघांच्याही सह्या घ्या.

सिरिंज देण्याआधी हलकेच फिरवून पेशी मोकळ्या करा. २० गेज किंवा त्याहून रुंद सुई, खुली शीर, सावकाश एक-दोन मिनिटांत. नंतर सलाइनने नळी धुवा. डेक्स्ट्रोज चालू असलेल्या लाइनमधून पेशी कधीही देऊ नका, त्यात त्यांच्या गुठळ्या होतात. टोचल्याची नेमकी वेळ लिहा. पुढचे सगळे गणित या वेळेवर उभे आहे.

## १०. प्रतिमा घेणे

लो-एनर्जी हाय-रिझोल्यूशन कोलिमेटर (कॅमेऱ्यापुढची जाळी), किरणांची ऊर्जा १४० केईव्ही, खिडकी १५ ते २० टक्के.

३० ते ६० मिनिटांनी. छाती आणि पोट घ्या. ही प्रतिमा तुमच्या प्रयोगशाळेतल्या कामाचे प्रगतिपुस्तक आहे. या वेळी फुफ्फुसे थोडी उजळ असणे स्वाभाविक. पोटाचा, आतड्याच्या सुजेचा प्रश्न असेल तर हीच प्रतिमा सर्वांत मोलाची, आणि त्यानंतरची दोन-तीन तासांच्या आतली. त्यापुढे दुय्यम संकुल पित्तातून आतड्यात उतरते आणि आतडे आजाराविनाच उजळते.

३ ते ४ तासांनी. फुफ्फुसे स्वच्छ झालेली असावीत. प्लीहा सर्वांत उजळ, मग यकृत, मग अस्थिमज्जा, हा निरोगी क्रम. यकृत प्लीहेपेक्षा उजळ असेल किंवा फुफ्फुसे अजून भरलेली असतील, तर पेशी दुखावल्या आहेत. अशा स्कॅनवर ‘संसर्ग दिसत नाही’ असे लिहिणे रुग्णावर अन्याय आहे. पेशी तिथवर चालत जाण्याच्या अवस्थेतच नव्हत्या.

२० ते २४ तासांनी. ही प्रतिमा सर्वांत जास्त बिघडवली जाते, म्हणून थोडे सविस्तर.

टेक्नेशियमचे अर्धायुष्य ६.०१ तास. दुसऱ्या दिवशी तितकीच सेकंदे प्रतिमा घेतली तर मोजण्या (कॅमेऱ्याने टिपलेली किरणे) थोड्या येतात, प्रतिमा कणीदार दिसते. मग कोणी तरी पडद्यावर उजळपणा वाढवतो. वाढवला की फिकी जागाही ठळक दिसते आणि सैल झालेला सांधा संसर्गित ठरतो. उलटही होते: उजळपणा न वाढवल्याने खरा संसर्ग कमी झाल्यासारखा वाटतो. दोन्ही टाळायचे तर वेळ टेक्नेशियमच्या किरणोत्सर्गी क्षयाच्या प्रमाणात वाढवा. पहिल्या आणि दुसऱ्या प्रतिमेत १६ तासांचे अंतर असेल तर वेळ ६.३ पट, १७ तासांचे असेल तर ७.१ पट, २० तासांचे असेल तर १० पट.

उदाहरणाने पाहा. पेशी सकाळी ११ वाजता दिल्या. ४ तासांची प्रतिमा दुपारी ३ ला, १२० सेकंद. रुग्णाला दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला बोलावले, म्हणजे अंतर १७ तास. वेळ लागेल १२० × ७.१, साधारण १४ मिनिटे. त्याच रुग्णाला सकाळी ११ ला बोलावले असते तर २० मिनिटे, दुखरा गुडघा तितका वेळ स्थिर ठेवून. म्हणून २४ ऐवजी २० तासांच्या जवळची वेळ द्या, आणि पहिल्या दिवशीच घरी किंवा वॉर्डात जाताना ती कागदावर लिहून द्या.

> तपासा. दोन्ही प्रतिमा पडद्यावर शेजारी ठेवा, दोन्हींची वरची-खालची मर्यादा मोजण्यांच्या त्याच आकड्यांवर ठेवा. यंत्र प्रत्येक प्रतिमा आपापल्या कमाल बिंदूप्रमाणे उजळवते, ती सोय बंद करा. मग फक्त रंगमापन बदलायचे असेल तर दोन्हींचे एकत्र बदला.

मधुमेही पायात किंवा कृत्रिम सांध्याजवळ जागा हाडात आहे की मऊ भागात, हे सपाट प्रतिमेवरून कळत नाही. तिथे स्पेक्ट-सीटी (त्रिमितीय प्रतिमा) घ्याच. ती दुपारच्या टप्प्यावर घेतली तर मोजण्या भरपूर मिळतात.

## ११. वाचन आणि मज्जेची शंका

उशिराच्या प्रतिमेत जागा आधीपेक्षा उजळ झाली किंवा पसरली, तर संसर्ग. तशीच राहिली किंवा फिकी झाली, तर जंतूविरहित सूज किंवा मज्जा. जंतू असतात तिथे न्यूट्रोफिल तासन्तास जमत राहतात, इतरत्र येतात आणि ओसरतात. नुसत्या डोळ्यांना शंका राहिली तर संशयित जागेभोवती आणि समोरच्या बाजूच्या तशाच जागेवर एकसारखी चौकट आखून गुणोत्तर काढा. ते दुपारपेक्षा सकाळी स्पष्ट वाढलेले असावे.

खुबा किंवा गुडघ्याचा सांधा बसवताना मज्जा ढकलली जाते आणि भलत्या जागी उजळते. शंका राहिली तर टेक्नेशियम नॅनोकोलॉइडने मज्जेचा स्कॅन करा, पण डब्ल्यूबीसी स्कॅनच्या पेशी दिल्यापासून किमान ४८ तासांनी, नाहीतर जुन्या टेक्नेशियमची छाया त्यात मिसळते. दोन्ही स्कॅनमध्ये जागा सारखीच उजळली तर ती मज्जा. पेशींच्या स्कॅनमध्ये उजळ आणि मज्जेच्या स्कॅनमध्ये फिकी, तर संसर्ग.

अहवालासोबत कामाची नोंद जोडा: पेशी दिल्याची वेळ, चिन्हांकनाचे टक्के, ट्रायपॅन ब्लूचा निकाल, मेदस्नेही संकुलाचे टक्के, लाल पेशींची भेसळ, प्रत्येक प्रतिमेची वेळ आणि सेकंदे, चालू अँटिबायोटिकचे नाव आणि दिवस. सहा महिन्यांनी त्याच रुग्णाचा स्कॅन पुन्हा झाला, तर तुलना करणाऱ्याला पहिल्यांदा हाच कागद लागेल.